पुरुषांचें टक्कल : दोष पाण्याचा कीं पिंडाचा ?

बारामती किंवा इंदापूर येथील एखाद्या मध्यम स्थितीच्या घरीं सकाळच्या वेळीं जावें. तेथें पंचविशीच्या आंतबाहेरचा एखादा मुलगा आरशासमोर उभा राहून कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांवरील केस बोटांनीं पुढें ओढीत असलेला दिसण्याचा पुष्कळ संभव आहे. स्वयंपाकघरांतून आई म्हणते, "अरे, किती वेळां सांगितलें, त्या बोअरच्या पाण्यानें डोकें धुऊं नकोस !" बाहेरून वडील म्हणतात, "पुण्यास शिकावयास गेला आणि तेल लावणें सोडलें, त्याचें हें फळ." आजोबा मात्र कांहीं बोलत नाहींत. ते आपल्या तुळतुळीत माथ्यावरून एकदां हात फिरवितात आणि वर्तमानपत्राचें पान उलटतात. वास्तविक त्या घरांत त्या क्षणीं खरें उत्तर कोणी दिलें असेल, तर तें या न बोलणाऱ्या आजोबांनींच होय.

विषय थट्टेचा वाटतो, आणि थट्टा आजपर्यंत पुष्कळ झाली आहे. परंतु ज्याचे केस जातात त्यास ती थट्टा वाटत नाहीं. मुली पाहण्याच्या वयांत माथा उघडा पडूं लागला म्हणजे मुलगा चारचौघांत जाणें टाळतो, छायाचित्र काढून घेण्यास नकार देतो, आणि जाहिरातींतील तेलांवर पहिल्या पगारापासून पैसे उधळूं लागतो. दुसरी हानि याहूनहि मोठी आहे. प्रत्येक केसगळतीस 'पाणी वाईट' असें एकच उत्तर देऊन आपण मोकळे झालों, तर ज्या थोड्या वेळीं केसांचें गळणें ही शरीराची खरीखुरी हांक असते, ती हांक आपल्या कानीं पडत नाहीं. म्हणून कोणती गळती पिंडाची, कोणती रोगाची आणि कोणती बाहेरून आलेली, हें ओळखावें कसें, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

शेंडीच्या काळांतील गुपित

"आमच्या वेळीं एवढ्या तरुणपणीं कोणास टक्कल पडत नसे," असें वृद्ध मंडळी म्हणतात. हें म्हणणें तपासून पाहण्यासारखें आहे. कविवर्य मोरोपंत (१७२९–१७९४) यांचें प्रौढपणाचें सारें आयुष्य कऱ्हेच्या कांठीं याच बारामतींत, बाबूजी नाईकांच्या आश्रयाखालीं गेलें. पंतांच्या माथ्यावर केस दाट होते कीं विरळ, हें आज कोणासहि सांगतां येणार नाहीं, आणि त्यांच्या समकालीनांसहि तें फारसें सांगतां आलें नसतें. कारण त्या काळीं चौल झाल्यापासून डोक्याचें क्षौर करून शेंडी तेवढी राखावयाची व बाहेर पडतांना पगडी घालावयाची, हीच रीत होती. वस्तऱ्यानें जें सरसकट नाहींसें होतें, तें आपोआप नाहींसें होत आहे काय याची चौकशी कोण करणार ? शेंडी मागें पडून भांग पुढें आला, पगडी जाऊन टोपी आली, आणि पुढें टोपीहि खुंटीवर राहिली. तेव्हां हें घराण्यांत पूर्वापार चालत आलेलें गुपित चव्हाट्यावर आलें.

तें जुनें आहे याविषयीं ग्रंथांची साक्ष आहे. सुश्रुतसंहितेंत क्षुद्ररोगांमध्यें इंद्रलुप्त, खालित्य व रुज्या या नांवांनीं केस जाण्याचा विचार आला आहे. वातासह प्रकुपित झालेलें पित्त केस पाडतें व पुढें रक्तासह कफ केसांचीं छिद्रें बंद करतो, अशी तेथील उपपत्ति आहे. उपपत्ति आज बदलली. पण अनुभव तोच आहे.

पाण्यावरील आरोप

आतां पाण्याकडे वळूं. या दोन तालुक्यांत पाण्याविषयीं लोकांचें मन साशंक असावें, यास सबळ कारण आहे. हा पुणें जिल्ह्याचा पूर्वेकडील, पर्जन्यछायेंतील भाग. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पादांत नीरेचा डावा कालवा येथें आला आणि कोरडवाहू रानांत ऊस उभा राहिला. परंतु काळ्या, चिकण जमिनींत पाणी भरपूर दिलें आणि त्याचा निचरा झाला नाहीं, म्हणजे खालचे क्षार ओलीबरोबर वर चढतात. नीरेच्या खोऱ्यांत हें इतकें लवकर घडलें कीं, १९१० सालींच पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे डॉ. हॅरोल्ड मॅन व ताम्हणे यांनीं येथील खारवट जमिनींवर एक स्वतंत्र पुस्तिका लिहिली. ज्या रानांत पांढरे क्षार फुललेले दिसतात, ज्या विहिरीच्या पाण्यानें डाळ शिजत नाहीं आणि साबणास फेस येत नाहीं, तेथें केस गेले तर दोष पाण्यास द्यावा हें अगदीं साहजिक आहे.

तथापि साहजिक तें सर्व खरें नसतें. जड पाण्यांतील चुना व मॅग्नेशियम यांचा साबणाशीं संयोग होऊन एक चिकट सांका तयार होतो. तो केसांवर बसला म्हणजे केस राठ होतात, गुंततात व विंचरतांना तुटतात. पाण्याचा अपराध असलाच तर तो साधारणपणें एवढाच. आपण ज्यास केस म्हणतों तो त्वचेबाहेरील भाग निर्जीव आहे. त्याचें सजीव मूळ त्वचेच्या आंत कांहीं मिलिमीटर खोल आहे आणि त्याचें पोषण रक्तावर होतें, घंगाळांतील पाण्यावर नव्हे. शिवाय एक साधी गोष्ट कोणीहि पाहावी. त्याच पाण्यानें त्याच न्हाणीघरांत आई न्हाते, बहीण न्हाते. त्यांचे केस मुलासारखे कपाळाच्या कोपऱ्यांवरून मागें हटत नाहींत. आणि त्याच मुलाच्या कानांवरचे व मानेवरचे केस त्याच पाण्यानें भिजूनहि दाट राहतात. जें पाणी एकाच डोक्याचा माथा उघडा करतें आणि बाजू राखतें, तें पाणी नव्हे. तेथें कारण दुसरें असलें पाहिजे.

घरच्या घरीं करण्यासारखी एक परीक्षा आहे. फणींत आलेले केस पांढऱ्या कापडावर ठेवून नीट पाहावे. ज्या केसाच्या एका टोकास बारीक पांढरा मणि दिसेल, तो मुळापासून सुटलेला. ज्यास मणि नाहीं, तो मधेंच तुटलेला. तुटलेलेच अधिक असतील तर खुशाल पाण्याची, साबणाची व विंचरण्याची चौकशी करावी. मुळापासून सुटलेले अधिक असतील तर चौकशी आंतून करावयास हवी.

केसाचें आयुष्य

मनुष्याच्या डोक्यावर सुमारे एक लक्ष केस असतात. प्रत्येक केसाच्या आयुष्याच्या तीन अवस्था आहेत. पहिली वाढीची, ती दोन ते सहा वर्षें चालते आणि तींत केस महिन्यास सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. दुसरी संक्रमणाची, दोनतीन आठवड्यांची. तिसरी विश्रांतीची, दोनतीन महिन्यांची. तिच्या शेवटीं जुना केस गळतो व त्याच कूपांतून नवा उगवूं लागतो. कोणत्याहि वेळीं दहांतले आठनऊ केस वाढत असतात व बाकीचे बहुतेक विश्रांति घेत असतात. या हिशोबानें दिवसास पन्नास ते शंभर केस गळणें हें निरोगीपणाचेंच लक्षण आहे. उशीवर चार केस दिसले म्हणून घाबरण्याचें प्रयोजन नाहीं. गळणाऱ्याच्या जागीं तितकाच सशक्त केस उगवतो कीं नाहीं, हा खरा प्रश्न.

पिंडाचें टक्कल

पुरुषांचें नेहमींचें टक्कल या ठिकाणींच सुरू होतें. केस एकाएकीं झडत नाहींत. प्रत्येक फेऱ्यास उगवणारा केस पहिल्यापेक्षां आंखूड व बारीक होत जातो, आणि शेवटीं लव तेवढी राहते. याचीं लक्षणें ठराविक आहेत. वयांत आल्यानंतर, बहुधा विशीतिशींत, कपाळाचे दोन्ही कोपरे मागें सरकतात. पुढें माथ्याच्या मागील भंवऱ्याची जागा विरळ होते. कांहीं वर्षांनीं हे दोन्ही प्रदेश एकमेकांस मिळतात. आणि कानांपासून मानेपर्यंत घोड्याच्या नालाच्या आकाराची केसांची पट्टी तेवढी उरते. कंड नाहीं, वेदना नाहीं, त्वचेवर डाग नाहीं. युरोपीय पुरुषांत पन्नाशीपर्यंत सुमारे निम्म्यांस हें कमीअधिक प्रमाणांत होतें. आशियांतील लोकांत प्रमाण त्याहून थोडें कमी आहे.

याचें कारण शोधण्याचें मोठें श्रेय अमेरिकेंतील जेम्स हॅमिल्टन यांस आहे. वयांत येण्यापूर्वीं ज्यांचे वृषण गेले होते अशा पुरुषांस टक्कल पडत नाहीं, पण त्यांस टेस्टोस्टेरॉन हें पुरुषसंप्रेरक दिल्यास, ज्यांच्या घराण्यांत टक्कल आहे त्यांचें डोकें उघडें होऊं लागतें, असें त्यांनीं १९४२ सालीं दाखवून दिलें. म्हणजे दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात : संप्रेरक आणि वंश. पुढें १९७४ सालीं डॉ. ज्युलियन इम्पेराटो-मॅक्गिन्ली व त्यांचे सहकारी यांनीं डोमिनिकन प्रजासत्ताकांतील कांहीं कुटुंबांचें वर्णन प्रसिद्ध केलें. या कुटुंबांतील कांहीं पुरुषांच्या अंगीं टेस्टोस्टेरॉनचें डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रबळ द्रव्यांत रूपांतर करणारें विकर जन्मतःच उणें होतें, आणि त्यांच्या डोक्यावरील केस शाबूत राहत होते. माथ्यावरील केशकूपांस आंखडविणारा अपराधी हाच, हें यावरून ठरलें.

येथें एक गैरसमज दूर करावा. टक्कल पडलेल्या पुरुषांच्या रक्तांत हें संप्रेरक इतरांपेक्षां अधिक असतें असें नाहीं. त्यांच्या माथ्यावरील केशकूप त्यास अधिक संवेदनशील असतात, इतकेंच. ही संवेदनशीलता वंशानें येते. तिच्याशीं संबद्ध असा एक महत्त्वाचा जनुक आईकडून मुलास मिळणाऱ्या एक्स गुणसूत्रावर आहे, म्हणून आजोळच्या आजोबांकडे बोट दाखविण्याची रीत अगदींच खोटी नाहीं. परंतु इतर अनेक जनुक बापाकडूनहि येतात. तेव्हां मुलाचें भविष्य पाहावयाचें तर दोन्ही कुळांतील माथे पाहावे.

याच्या उलट, टोपी किंवा शिरस्त्राण घातल्यानें केसांची हवा कोंडते, वारंवार मुंडन केल्यानें केस दाट येतात, बुद्धीचें काम फार केल्यानें टक्कल पडतें, टक्कल असलेला मनुष्य सहसा दरिद्री नसतो, या साऱ्या समजुती ऐकावयास गोड आहेत. पण शास्त्राचा त्यांस आधार नाहीं. तेलानें केस मऊ राहतो व कमी तुटतो, म्हणून तेल अवश्य लावावें. मात्र आंखडलेला केशकूप तेल जागा करीत नाहीं.

जेव्हां केस कांहीं सांगत असतात

आतां ज्यांकडे दुर्लक्ष करूं नये त्या गळतींचा विचार.

पहिली, आजारानंतरची. टायफॉइड, डेंग्यू, कोविड यांसारखा कडक ताप, मोठी शस्त्रक्रिया, एकाएकीं घटविलेलें वजन किंवा मनास बसलेला जबर धक्का, यांमुळें पुष्कळसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेंत जातात व दोनतीन महिन्यांनीं मूठमूठ गळतात. भाद्रपदांत ताप येतो, केस कार्तिक-मार्गशीर्षांत जातात. मधल्या काळांत ताप विस्मरणांत गेलेला असतो, आणि दोष त्या आठवड्यांतील नव्या साबणावर येतो. ही गळती साऱ्या डोक्यावर सारखी होते. कारण दूर झालें तर केस कांहीं महिन्यांत बहुधा परत येतात.

दुसरी, चाई. नाण्याएवढा, गुळगुळीत, वाटोळा चट्टा एकाएकीं पडतो. कधीं दाढींत, कधीं भुंवईंतहि. शरीराची संरक्षक शक्ति चुकून स्वतःच्याच केशमुळांवर उठते, त्याचा हा परिणाम. हा रोग स्पर्शानें पसरत नाहीं. पुष्कळांस केस आपोआप परत येतात, पण चट्टे वाढत असतील तर उपचार हवा. त्यावर कांदा किंवा लसूण घासून त्वचा भाजून घेण्याचा प्रकार मात्र सोडावा.

तिसरी, डोक्याचें गजकर्ण. हें बुरशीमुळें होतें व मुलांत अधिक आढळतें. खपल्या, कंड आणि मुळाशीं तुटलेले केस हीं याचीं लक्षणें. हें एकमेकांच्या फण्या-टोप्यांवाटे पसरतें, आणि यास पोटांतून औषध घ्यावें लागतें; नुसत्या मलमानें भागत नाहीं.

चौथी, अंतर्गत दोषाची. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीचा बिघाड, रक्तांतील लोहाची उणीव, कांहीं औषधें, आणि उपदंशाची दुसरी अवस्था, यांतहि केस जातात. उपदंशांत कसर लागलेल्या लोंकरी कापडाप्रमाणें ठिकठिकाणीं केस विरळ होतात.

पांचवी, व्रणाची. जेथें त्वचा तांबूस, दुखरी किंवा चकचकीत होऊन केसांचीं छिद्रेंच दिसेनाशीं होतात, तेथें केशकूप कायमचा मरत असतो. येथें एक महिना दवडणेंहि महाग पडतें.

बुलढाण्याचा धडा

केवळ पाण्याकडे बोट दाखवून थांबूं नये, याचा मोठा धडा आपल्याच महाराष्ट्रांत नुकताच मिळाला. १९२४ मध्यें नव्हे, अगदीं परवां, डिसेंबर २०२४ च्या अखेरीस, बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांव तालुक्यांत बोंडगांव, कालवड, हिंगणा इत्यादि गांवीं लोकांच्या डोक्यास खाज सुटूं लागली, आणि तीनचार दिवसांत केस हातांत येऊं लागले. पुरुष, स्त्रिया, मुलें, वृद्ध, कोणी सुटलें नाहीं. बाधितांची संख्या अडीचशेंवर गेली. मुलांची शाळेंत थट्टा झाली, आणि कांहीं ठरलेलीं लग्नें मोडल्याच्याहि वार्ता आल्या.

हा पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्टा. तेव्हां पहिला संशय अर्थातच पाण्यावर गेला. पाणी तपासलें, त्यांत नायट्रेट व क्षार अधिक निघालेहि. कोणी बुरशी म्हणाले. परंतु तेंच खारें पाणी तीं गांवें पिढ्यान्‌पिढ्या पीत आलीं होतीं. मग केस याच वर्षीं कां जावे? २०२५ च्या जानेवारींत भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचीं पथकें आलीं. विंचूदंशावरील संशोधनासाठीं प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं स्वतंत्रपणें चौकशी केली, आणि फेब्रुवारींत आपलें अनुमान मांडलें. बाधितांच्या रक्तांत, मूत्रांत व केसांत सेलेनियम हें द्रव्य नेहमींच्या अनुक्रमें ३५, ६० व १५० पट आढळलें, आणि त्याचा उगम त्यांनीं शिधावाटप दुकानांतून आलेल्या पंजाबकडील गव्हांत दाखविला. पंजाबांत होशियारपूर व नवांशहर या भागांतील कांहीं जमिनींत सेलेनियम अधिक असतें, हें पूर्वींपासून ज्ञात आहे. प्रौढ मनुष्यास सेलेनियम दिवसास सुमारें ५५ मायक्रोग्रॅम लागतें. ४०० च्या वर तें नित्य पोटांत गेलें तर केस व नखें यांवर पहिला आघात होतो.

यावरून आपण काय घ्यावें ? एक घर नव्हे, एक वय नव्हे, तर सारी आळी थोड्या दिवसांत केस गमावूं लागली, तर तो पिंडाचा दोष नव्हे. तेथें अन्न, पाणी व औषध सर्वच तपासलें पाहिजे, आणि तें ताबडतोब आरोग्यकेंद्रास कळविलें पाहिजे. उलट एका घरांत बाप-लेकांचेच माथे वर्षानुवर्षें सावकाश उघडे होत असतील, तर विहीर निर्दोष आहे.

उपायांचें खरें मोल

वंशानें येणाऱ्या टकलावर आज दोन औषधें विशेष सिद्ध झालेलीं आहेत. मिनॉक्सिडिल हें मूळचें रक्तदाबाचें औषध. तें घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढूं लागले, आणि १९८८ सालीं अमेरिकेंत तें डोक्यास लावण्यासाठीं मान्य झालें. फिनॅस्टराइड हें मूळचें पौरुषग्रंथीच्या वाढीवरील. १९९७ सालीं त्याची एक मिलिग्रॅमची गोळी केसांसाठीं मान्य झाली. दोहोंचा गुण दिसण्यास चारसहा महिने लागतात, आरंभीं मिनॉक्सिडिलनें गळती थोडी वाढलेली दिसते, आणि औषध सोडलें कीं मिळविलेलें हळूहळू जातें. फिनॅस्टराइडमुळें कांहीं पुरुषांत कामेच्छा मंदावते, क्वचित् मन खिन्न होतें; ती घेणाऱ्यानें रक्तदान करूं नये, आणि गरोदर स्त्रीनें तिच्या फुटलेल्या गोळीस हातहि लावूं नये. म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून घेऊं नये. मानेवरील केस माथ्यावर रोपण्याची शस्त्रक्रियाहि आहे. तिचें तत्त्व असें कीं, रोपलेला केस नव्या जागींहि आपल्या मूळ जागेचा स्वभाव राखतो. परंतु ती शस्त्रक्रिया आहे, शोभेचें दुकान नव्हे. ती शिकलेल्या वैद्याकडूनच करून घ्यावी.

दोन आठवड्यांत केस उगविण्याचें वचन देणारा मनुष्य केसाच्या तीन अवस्थाच विसरला आहे, असें समजावें. बारामतींत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चालूं आहे. पहिल्या बाटलीच्या किंमतीपेक्षां पहिली तपासणी बहुधा स्वस्त पडते.

शेवटीं त्या आरशासमोरच्या मुलाकडे जाऊं. त्यास सांगावें : गळती एकाएकीं आहे काय ? चट्टे आहेत काय ? कंड, खपल्या, वेदना आहेत काय ? दोनतीन महिन्यांपूर्वीं ताप येऊन गेला काय ? यांपैकीं एकाचें जरी उत्तर 'होय' असेल, तर आजच डॉक्टरांकडे जा. सर्वांचें उत्तर 'नाहीं' असेल, तर उपचार करावा कीं न करावा हें तुझ्या इच्छेवर आहे. त्यांत कोणाचा अपराध नाहीं, लाज नाहीं, आणि बोअरचाहि दोष नाहीं. मुलगी दाखविण्यास येणाऱ्या मंडळींनींहि माथ्याआधीं माणूस पाहावा. आणि आजोबांनीं एवढें करावें : वर्तमानपत्र क्षणभर बाजूस ठेवावें, नातवास जवळ बोलवावें, आणि पंचविसाव्या वर्षीं आपल्यासहि असेंच वाटलें होतें, हें त्यास एकदां मोकळेपणानें सांगावें.